उज्वलाचं मनगट

तात्यांनी मनगट धरलं की उज्वला आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची. बघून सुटका लवकर होत नसे, पण किती वेळ गेला हे कळत राहिलं की भीतीला कुठेतरी काठ लागे. बहुतेक वेळा चार-पाच मिनिटं. कधी अकरा. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात एकदा बावीस झाली, आणि बाविसाव्या मिनिटाला मनगटात काहीतरी बारीक तडकल्याचं तिला ऐकू आलं. कानांनी नव्हे, आतून. एक्स-रे काढला तेव्हा हाडावर केसासारखी रेघ निघाली. तीन आठवडे प्लास्टर. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या ज्या लॅबमध्ये ती रक्त घ्यायचं काम करायची, तिथं तिनं सगळ्यांना सांगितलं की बाथरूममध्ये पाय घसरला.

तात्या म्हणजे तिचे सासरे. नाव पुंजा, वय अठ्ठ्याहत्तर. पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या खळ्यांवर आणि गोदामांत त्यांनी अडतीस वर्षं हमाली केली. अमोलला, एकुलत्या एका मुलाला, त्यांनी कधी गोणीला हात लावू दिला नाही. त्याला आयटीआयला घातलं, अंबडच्या कारखान्यात चिकटवलं आणि पाठीनं साथ सोडल्यावर त्याच्यामागं सिडकोत राहायला आले. चार वर्षांपूर्वी सासूबाई, मालनबाई गेल्या. त्यानंतर तात्यांची आठवण विहिरीचा काठ खचतो तशी खचत गेली, रोज थोडी. आता त्यांना चमचा आणि कंगवा यांतला फरक कळत नव्हता. अमोलला ते कधी ‘साहेब’ म्हणत, कधी काहीच म्हणत नसत. अंगावरचं मांस उतरलं, आवाज उतरला. हात मात्र उतरले नव्हते.

ते मारत नसत, हे उज्वला सगळ्यांना सांगायची. शिवी नाही, ओरडणं नाही. खाटेवरून उठवताना, न्हाणीतून बाहेर आणताना, खुर्चीवरून हलवताना मध्येच त्यांची बोटं तिच्या मनगटावर मिटायची. दात आवळलेले, नजर खाली जमिनीला. ती जितकी ओढे तितकी पकड घट्ट होई.

अमोल दुसऱ्या पाळीला जायचा, त्यामुळे सकाळी तो घरी असे आणि दुपारनंतर उज्वला. अमोल असताना तात्या क्वचितच कुणाला धरत, कारण अमोल त्यांना क्वचितच हात लावी. सकाळचं सगळं उज्वला उरकून जाई. अमोल समोर खुर्ची टाकून मोबाइल बघत बसे आणि मधूनमधून मान वर करून बाप जागेवर आहे ना ते बघे.

आणि एक गोष्ट त्या घरात एकट्या उज्वलाला ठाऊक होती. प्लास्टर निघाल्यावर आठ दिवसांनी, एका दुपारी, तिनं तात्यांचे हात बांधले होते.

त्या दिवशी दोनदा धरून झालं होतं. तिसऱ्यांदा ते खाटेवरून उठायला लागले, तेव्हा ती मागं सरत भिंतीला लागली. खुंटीवरची ओढणी तिनं कधी काढली, तिला कळलं नाही. विरोध होईल म्हणून तिनं दात आवळून घेतले होते. पण तात्यांनी आपणहून दोन्ही हात जवळ आणले, मनगटाला मनगट लावलं आणि तिला नीट बांधता यावं म्हणून स्थिर धरून ठेवले. गाठ मारताना ते गाठीकडे बघत होते. मग दोन तास ते तसेच खाटेच्या कडेला बसून राहिले. पाणी मागितलं नाही. खाजवायला हात हवा असेल, तेही नाही. उज्वला स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून उभी होती आणि तिला एवढंच कळत होतं की घरात शांतता आहे आणि ही शांतता तिला आवडते आहे. त्याची तिला जास्त भीती वाटली. तात्यांपेक्षाही जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता ती कॉलनीतल्या समाजमंदिराच्या दारात उभी होती. बाहेर फलक होता: ‘ज्युदो-कराटे, मोठ्यांची बॅच’. वय चव्वेचाळीस, अंगात पंजाबी ड्रेस, ओढणी घरी ठेवलेली.

शिकवणारी संजना सव्वीस वर्षांची होती, काळ्या पट्ट्याची. नव्या माणसाला ती सगळ्यांदेखत एकच प्रश्न विचारी: का शिकायचंय?

राखीचं पार्लर होतं. तिनं सांगून टाकलं होतं, “पार्लर बंद करून घरी जाते ना, तेव्हा मागून बाइकवाले कट मारतात. एकाला तरी मला खाली पाडायचंय.”

बँकेतले शेखर पन्नाशीचे, पोट पुढे. “डॉक्टर म्हणाले, शुगर आहे, चाला. चालायचा मला कंटाळा. म्हटलं, लाथा मारत शुगर कमी होत असेल तर बघू.”

उज्वलाकडे सगळे वळले. ती म्हणाली, “चेन ओढतात ना हल्ली. म्हणून.”

संजनानं तिच्या गळ्याकडे बघितलं. गळ्यात काही नव्हतं.

“ओढून नेली वाटतं,” शेखर म्हणाले, आणि हॉलमध्ये हशा पिकला. उज्वलाही हसली. तिला बरं वाटलं. खोटं एकदा हसण्यात गेलं की त्याची कोणी चौकशी करत नाही.

दोन आठवडे नुसत्या बैठका. पाय फाकवून, गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखं हवेत बसायचं. मांड्या पेटायच्या. “काकू, टाच उचलू नका,” संजना ओरडायची. “टाच उचलली की मन पळायला लागतं.” नाशिकची डिसेंबरातली थंडी फरशीतून मॅटमध्ये आणि मॅटमधून तळपायांत चढायची. उज्वला घोड्याच्या बैठकीत डोळे मिटून उभी राही, आणि मिटल्या डोळ्यांपुढं दोन हात येत, मनगटाला मनगट लावलेले.

मग मनगट सोडवायचा धडा आला.

“कुठल्याही पकडीत अंगठा एकटा असतो,” संजना म्हणाली. “बाकीची चार बोटं एका बाजूला. आपण एकट्यावर जायचं. मनगट फिरवा, कोपर खाली, आणि झटका.”

शेखरनी उज्वलाचं मनगट धरलं. तिनं विचारलं, “मॅडम, झटका न देता?”

“का?”

“त्याला दुखेल.”

“कुणाला दुखेल?”

“धरणाऱ्याला.”

“बघा!” शेखर म्हणाले. “सव्वीस वर्षांच्या संसारात बायकोला माझी एवढी दया आली नाही.”

“काकू, चेनचोराला दुखलं तर बिघडलं काय?” संजना म्हणाली. पण बोलता बोलता तिची नजर बाही सरकलेल्या मनगटावर गेली. तिथं पाच बोटं उमटलेली होती, चार एका बाजूला, एक दुसऱ्या.

क्लास सुटल्यावर संजनानं तिला थांबवलं. दार लोटून घेतलं आणि सरळ विचारलं, “काका मारतात का?”

“नाही गं बाई.” उज्वला ‘मॅडम’ म्हणायचं विसरलीच. “ते तर डासालासुद्धा हात लावत नाहीत.”

मग तिनं सगळं सांगितलं. हात बांधल्याचंही. पहिल्यांदाच कुणाला तरी. संजना मॅटवर मांडी घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, “त्यांची कातडी कशी आहे?”

“कागदासारखी. इंजेक्शन द्यायला शीर शोधताना भीती वाटते.”

“मग झटका नाहीच चालणार. अंगठा तुटेल.” ती बराच वेळ स्वतःचंच मनगट धरून बसली, सोडवत, परत धरत. “समोरच्याला वाचवून कसं सुटायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. बघू, शोधू आपण.”

शोधता शोधता त्यांना दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे ओढायचं नाही. ओढणारा स्वतःच पकड घट्ट करतो. त्यापेक्षा धरणाऱ्याकडे एक पाऊल आत जायचं, कोपर त्याच्या कोपराजवळ न्यायचं. दुसरी म्हणजे वाट बघायची. कोणीही सारखं आवळून धरू शकत नाही. श्वास बदलताना बोटं एक तीळभर ढिली पडतात, तेवढ्यात मनगट आडवं करून सरकवायचं, घट्ट बांगडीतून हात काढावा तसं. शेखरच्या हातातून ती महिन्याभरात सुटायला लागली. शेखरना कळायचंसुद्धा नाही. ते रिकाम्या मुठीकडे बघून म्हणायचे, “अरेच्चा, काकू गेल्या कुठं?”

तात्यांच्या हातातून मात्र सुटता येईना. शेखर श्वास बदलत. तात्या धरत तेव्हा श्वास अडवूनच धरत, आणि सोडत तो इतका बारीक, की बोटांपर्यंत त्याची खबरच येत नसे.

दरम्यान अमोलनं ठरवलं होतं. शहराबाहेर एक निवासी केंद्र होतं, विसरणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. रविवारी दोघं जाऊन बघून आले. फरश्या स्वच्छ, खिडक्यांना जाळ्या, अंगणात तुळशी. माणसं वाईट नव्हती. पण खाटांच्या लोखंडी कठड्यांना कापडाच्या पट्ट्या अडकवलेल्या होत्या, धुतलेल्या, घडी घातलेल्या.

“पडू नयेत म्हणून,” तिथली बाई म्हणाली.

उज्वलाला पट्ट्यांची कापडं ओळखीची वाटली. जुन्या ओढण्या फाडून केलेल्या असाव्यात. तिला पुढं काही बघता आलं नाही.

घरी येताना स्कूटरवर ती मागून म्हणाली, “तिथं बांधतात.”

“तिथं पाच माणसं आहेत बघायला,” अमोल म्हणाला. “इथं एक तू आहेस. आता मनगट झालं, उद्या मान होईल. मी कारखान्यात मशीनवर उभा असतो आणि फोन वाजला की आधी मशीन बंद करतो. हे तुला दिसत नाही.”

“मी शिकतेय.”

“काय शिकतेयस? या वयात कराटे?” तो हसला नाही, हे तिला जास्त लागलं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो मागं न बघता म्हणाला, “एक काम कर. त्यांनी धरलं आणि तू स्वतः सुटलीस, माझ्यासमोर, त्यांना काही न होता, तर मी केंद्राचं नाव काढणार नाही. संक्रांतीपर्यंत बघ. नंतरच्या सोमवारी मी गाडी बोलावणार.”

ती म्हणाली, “चालेल.”

त्या दिवसापासून रोजची दुपार तिला परीक्षेसारखी झाली. परीक्षा घेणारा घरी नसे, आणि देणारी रोज नापास होई. नऊ मिनिटं. सहा. तेरा. अमोल घरी असलेल्या एका रविवारी तात्यांनी धरलंच नाही. दिवसभर खाटेवर पडून छताकडे बघत राहिले.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी पिंपळगावहून बयाबाई आल्या, तात्यांच्या थोरल्या बहीण. ऐंशी ओलांडलेल्या, कमरेत वाकलेल्या, हातात तिळगुळाचा डबा. अमोल कामावर गेलेला होता. पिशवी टेकवायच्या आधीच त्यांनी विचारलं, “कुठं नेऊन टाकताय गं माझ्या भावाला?”

“आत्याबाई, टाकत नाही. तिथं माणसं असतात सांभाळायला.”

“माणसं हित्तं नाय का? तू काय हाय मग?”

उज्वला चहा टाकायला आत गेली. चहा झाला. तात्यांना खुर्चीवर आणून बहिणीसमोर बसवावं म्हणून ती त्यांना उठवायला गेली. ते अर्धवट उठले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. तिनं घड्याळाकडे बघितलं. चार वाजून दहा.

बयाबाई जागच्या हलल्या नाहीत. भावाला निरखत म्हणाल्या, “आस्सं धरतो व्हय रोज?”

“हो.”

“तोंडाकडं नको बघू त्याच्या. पायाकडं बघ.”

उज्वलानं इतक्या महिन्यांत तात्यांच्या पायांकडे कधी बघितलं नव्हतं. पाय फाकलेले होते. टाचा जमिनीत रुतवलेल्या. बोटं वळवून फरशी पकडलेली. पुढं झुकलेलं अंग, आणि नजर खाली, जणू पायांखाली पुरुषभर खोली आहे आणि तिथं कोणीतरी उभं आहे.

“हा तुला धरीत नाय पोरी,” बयाबाई म्हणाल्या. “थप्पीवर उभा हाय हा. गोण उतरवतोय.”

मग त्यांनी सांगितलं. गोदामात गोण्यांची थप्पी छतापर्यंत जाते. वरचा हमाल गोण कडेला आणून खालच्याच्या पाठीवर सोडतो. खालचा वाकलेला असतो, त्याला वरचं दिसत नाही. म्हणून रीत अशी की गोण पाठीवर नीट बसली, तोल आला, की खालच्यानं म्हणायचं, ‘घेतली’. तो म्हणत नाही तोवर वरच्यानं हात सोडायचा नाही. खांदा निखळला तरी नाही.

“आन् एकदा यानं सोडला,” बयाबाई म्हणाल्या. “घामानं हात सुटला म्हन्तात. मी नव्हते तिथं. खाली झुंबर होते.”

उज्वलाला झुंबर हे नाव माहीत होतं. भिंतीवरच्या एका जुन्या फोटोत ते तात्यांशेजारी उभे होते, डोक्याला पंचा बांधलेला. बयाबाईंचे यजमान. ते आजारपणात गेले एवढंच घरात सांगितलं जाई.

“मानेवर आली गोण. दोन साल खाटंवर व्हते. मग गेले.” बयाबाईंचा आवाज बदलला नाही. “पुंजा रोज यायचा, त्यांचं अंग पुसायचा. मी कधी विचारलं नाय, त्यानं कधी सांगितलं नाय. विचारून काय, मानूस उठनार व्हता?”

चार वाजून एकोणीस मिनिटांनी तात्यांची बोटं आपोआप सैल पडली. त्यांनी बहिणीकडे बघितलं, ओळखलं नाही, आणि तिळगुळाची वडी तोंडात धरून चोखत राहिले.

त्या दिवशी अमोल घरी आला तेव्हा उज्वलानं त्याला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग काय झालं, कारण कळलं म्हणून हाड जुळतं का? आणि ते खरं होतं.

रविवारी सकाळी क्लासमध्ये ती संजनाला म्हणाली, “मॅडम, आज सुटायचं नाही मला. ओझं कसं घ्यायचं ते दाखवा.” धरणाऱ्याकडे आत शिरायचं, मग पाठ फिरवून त्याच्या छातीखाली जायचं, बैठक खाली, आणि त्याचं वजन कमरेवर घ्यायचं. ज्युदोत फेकण्याआधी माणूस जिथवर जातो तिथवर जायचं, आणि फेकायचं नाही.

“हे अर्धवट आहे, काकू,” संजना म्हणाली.

“अर्धवटच पाहिजे.”

शेखरचं वजन ब्याऐंशी किलो. तिसऱ्या वेळी ती त्यांच्यासकट मॅटवर आपटली. “काकू, गाढवावर बसायची वेळ आलीच शेवटी माझ्यावर,” ते पडल्यापडल्या म्हणाले. राखी पोट धरून हसली. उज्वला उठली आणि म्हणाली, “पुन्हा धरा.”

दुपारी घरी अमोल तात्यांच्या कपड्यांवर मार्करनं नाव घालत बसला होता. केंद्राचा नियम होता, प्रत्येक कपड्यावर नाव हवं. बनियनच्या आतल्या बाजूला, पायजम्याच्या नाडीजवळ, रुमालाच्या कोपऱ्यात: पुंजा, पुंजा, पुंजा. गाडी सोमवारी नऊला येणार होती.

“चहा देते त्यांना,” उज्वला म्हणाली. अमोलनं मान हलवली, वर बघितलं नाही.

तिनं तात्यांना उठवायला खांद्याखाली हात घातला. ते अर्धे उठले. पाय फाकले. आणि त्यांनी धरलं, या वेळी दोन्ही हातांनी, उजवं मनगट, जिथं रेघ निघाली होती तिथंच. तिच्या तोंडून आवाज निघाला. मार्कर खाली पडला. अमोल उठून धावला.

“अहो, लांब राहा.”

“उज्वला—”

“लांब राहा म्हटलं ना. हात लावू नका त्यांना.”

ती ओढत नव्हती. ती एक पाऊल आत गेली. तात्यांच्या अंगाला खोबरेल तेलाचा आणि जुन्या लोकरीचा वास येत होता. आतल्या आत वळून तिनं पाठ त्यांच्या छातीशी लावली. धरलेलं मनगट तिच्या खांद्यावरून पुढं आलं. मग ती गुडघ्यांत खाली बसत गेली. त्यांचं अंग पुढं झुकलं आणि तिच्या पाठीवर आलं, आधी थोडं, मग आणखी थोडं. हाडं तिच्या हाडांना लागली. तिला त्यांचं काळीज पाठीत जाणवत होतं, जलद, एखाद्या पाखराचं असावं तसं.

“घेतली,” ती म्हणाली.

काही झालं नाही. उलट बोटं आणखी रुतली. अमोल भिंतीला टेकून उभा होता, तोंडावर हात धरून.

मनगटात ती ओळखीची बारीक कळ सुरू झाली. आता तडकेल, तिला वाटलं. आता झटका द्यावा. कोपर खाली, अंगठ्यावर जायचं, एका क्षणाचं काम. अंगठा मोडेल. मोडू दे. एक म्हातारा अंगठा. ती त्या विचारापाशी उभी राहिली, आणि तिच्या ध्यानात आलं की तिची उजवी टाच जमिनीपासून वर आहे. ती तोंडानं ‘घेतली’ म्हणाली होती आणि तिचा पाय दाराकडे पळायला उभा होता. तिनं घेतलं नव्हतंच. आणि अडतीस वर्षं गोणी उतरवलेल्या माणसाला हे न बघता कळत होतं.

तिनं टाच टेकवली. पोट आत घेतलं, कमरेत आणखी वाकली आणि त्यांचं सगळं वजन स्वतःवर येऊ दिलं. त्यांचे पाय जमिनीवर होते, पण त्यांच्यावर आता भार नव्हता. मांड्या थरथरायला लागल्या. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. तिनं श्वास पूर्ण सोडला, पूर्ण घेतला, आणि घाई केली नाही.

“घेतली,” ती म्हणाली.

आधी करंगळी सुटली. मग एकामागून एक. सगळ्यात शेवटी अंगठे. तात्यांनी तिच्या कानाजवळ एक लांब उसासा टाकला. किती काळाचा होता कोण जाणे. आणि त्यांचं डोकं तिच्या खांद्यावर पडलं.

“अहो,” ती म्हणाली, “आता या. धरा त्यांना.”

अमोलला कुठं धरावं कळेना. तो बापाभोवती हात नेई आणि मागं घेई. “काखेत धरा,” ती म्हणाली. “कमरेतनं वाका, गुडघे वाकवा.” दोघांनी मिळून त्यांना खाटेवर टेकवलं. उज्वला फरशीवरच बसली.

अमोलनं तिचं मनगट उलटसुलट करून बघितलं. “लाल झालंय.”

“हो.”

“दुखतंय?”

“दुखतंय.”

तिनं खोटं सांगावं अशी त्याची अपेक्षा असावी. त्यानं तिचं मनगट अलगद सोडलं. “त्यांना काही झालं का?”

“बघा तुम्हीच.”

अमोल खाटेच्या कडेला बसला आणि त्यानं बापाचा हात हातात घेतला. अंगठा हलवून बघितला, मग बोटं, मग तळव्यावरचे घट्टे, जे इतक्या वर्षांनीही गेले नव्हते. तो बघत राहिला. गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिला. आणि तात्यांची बोटं हळूच त्याच्या मनगटावर मिटली.

अमोलच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यानं हात मागं घ्यायला सुरुवात केली, पकड घट्ट झाली, तो थांबला. त्यानं उज्वलाकडे बघितलं. कसं सुटायचं ते तिला सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही.

टेबलावर अमोलचा फोन वाजायला लागला. पडद्यावर केंद्राचं नाव होतं. उद्याच्या गाडीचं विचारायला असणार. फोन दोनदा वाजून थांबला, परत वाजायला लागला.

“तू घे,” अमोल म्हणाला.

ती टेबलाला धरून उठली. “काय सांगू?”

तो बापाच्या हाताकडे बघत होता. धरलेल्या मनगटाची कातडी पांढरी पडत चालली होती.

“गाडी पाठवू नका म्हणावं.” मग, तिनं फोन उचलायच्या आत, तो हळू आवाजात म्हणाला, “आणि तुझ्या त्या क्लासला पुरुष घेतात का, ते विचारून ये उद्या.”